हातानं फिरलेला बोल्ट

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात, जप्त केलेल्या मोटरसायकलींच्या पलीकडे, ती ई-रिक्षा कुशीवर पडली होती. निळा रंग, मागच्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत 'जय महाकाल', आणि हँडलशी आपला काही संबंधच नाही अशा तऱ्हेनं भलतीकडे वळलेलं पुढचं चाक. आल्हाद चांदोरकरनं ती लांबूनच ओळखली. उज्जैनच्या मक्सी रोडवरच्या ज्या कारखान्यात या रिक्षा जोडल्या जात, तिथल्या असेंब्ली लाइनचा तो इनचार्ज होता. सकाळी मॅनेजरांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, "आपल्या गाडीचा ॲक्सिडेंट झालाय. जाऊन नीट बघ आणि फोटो काढून आण."

"देख लो इंजीनियर साब," हेड कॉन्स्टेबल म्हणाला. "ड्राइवर बोल रिया है, हैंडल घुमाया पर पहिया नी घूमा. सब यही बोलते हैं."

अपघात आदल्या दिवशी सकाळी झाला होता. हरसिद्धीकडून राम घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, वळणाशी, रिक्षावाल्यानं हँडल वळवलं आणि गाडी सरळच गेली. एका प्रसादाच्या दुकानाच्या ओट्यावर आदळून उलटली. आत बसलेल्या एका वयस्कर बाईंच्या मांडीचं हाड मोडलं होतं. रिक्षावाल्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, आणि तोच जणू त्याचा गुन्हा असल्यासारखं कॉन्स्टेबल बोलत होता.

आल्हाद गुडघ्यांवर बसला. हँडलचा दांडा आणि चाकाचा फोर्क एका क्लॅम्पनं जोडलेले असतात आणि त्या क्लॅम्पला दोन बोल्ट असतात. त्यातला एक नव्हताच, गळून पडला होता. दुसरा जागेवर होता. त्याच्या डोक्यावरून खाली क्लॅम्पवर ओढलेली पिवळी रेघ सरळ, अखंड दिसत होती. ही रेघ कारखान्यातच ओढत. बोल्ट पुरेसा आवळून झाला, की रंगाच्या पेननं डोक्यापासून क्लॅम्पपर्यंत एक रेघ. पुढे कधी बोल्ट फिरला, किंवा बाहेर कुणी उघडला, तर रेघेचे दोन तुकडे होतात आणि नुसतं बघूनच कळतं.

आल्हादनं सवयीनं बोल्टावर अंगठा आणि बोट ठेवलं. बाटलीचं झाकण फिरावं तसा बोल्ट फिरला.

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तोवर रेघ तुटली होती.

काय झालं हे लक्षात यायला त्याला थोडा वेळ लागला. रेघ अखंड होती आणि तरी बोल्ट सैल होता. म्हणजे रेघ ओढल्यापासून तो फिरला नव्हता. म्हणजे तो कधी आवळलाच गेला नव्हता. नुसता हातानं बसवून त्यावर रेघ ओढली होती. चूक कारखान्याची आहे, रिक्षावाल्याची नाही, हे सांगणारी एकच गोष्ट त्या गाडीवर उरली होती. ती त्यानं आत्ता आपल्या दोन बोटांनी मोडली होती.

कॉन्स्टेबल पाठ करून मोबाइलवर कुणाशी तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होता. 'जरा इकडे या, हे बघा,' एवढंच म्हणायचं होतं. आल्हादनं एकदा तोंडही उघडलं. मग उठला, गुडघ्यांची माती झटकली, मोबाइल काढला आणि सांगितल्याप्रमाणे फोटो काढले. फोटोत रेघ तुटलेली आली.

घरी आला तर अक्का चपला घालून दारातच उभी होती. अक्का म्हणजे त्याची आई. माधव नगरातल्या त्यांच्या गल्लीत लहानमोठे सगळेच तिला अक्का म्हणत. तिच्या हातात जेवणाचा डबा होता.

"बरं झालं आलास. मला हॉस्पिटलात सोड," ती म्हणाली. "अरे, शोभाचा ॲक्सिडेंट होऊन गेला. आमच्या भजनी मंडळातली शोभा, बँकेतून रिटायर झालेली. घाटावर चालली होती बिचारी, तर रिक्षाच उलटून गेली. मांडीचं हाड मोडलं."

"कुठे उलटली?" आल्हादनं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"हरसिद्धीच्या उतारावर. हे मेले रिक्षावाले, कानाला फोन लावून चालवतात. त्याला तर आत टाकायला पाहिजे."

फ्रीगंजमधल्या हॉस्पिटलात शोभामावशी पायाला वजन बांधून पडल्या होत्या. चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता, पण त्यांनी आल्हादला ओळखलं आणि हसायचा प्रयत्न केला.

"तुझा तर रिक्षाचाच कारखाना ना रे? मग तू बघशील ना, काय झालं होतं ते?" त्या थांबत थांबत म्हणाल्या. "सगळे त्या मुलाला शिव्या देऊन राहिले आहेत. पण मला तो काही फोनवर बोलताना दिसला नाही. हँडल वळवत होता, मी पाहिलं ना. मला उचलताना रडत होता बिचारा."

"बघतो, मावशी," आल्हाद म्हणाला, आणि औषधं आणायचं निमित्त काढून खाली गेला. औषधांच्या दुकानासमोर तो बराच वेळ उभा राहिला. आणायचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर दत्तात्रय सरांनी आपल्या केबिनमध्ये तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. ते मूळचे सांगलीकडचे, नोकरीसाठी इथे आलेले. माणूस वाईट नव्हता. दोन दिवस त्यांनाही झोप नसावी.

"हे बघ, रेघ तुटलेली आहे," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे आपल्याकडून आवळूनच गेला होता. बाहेर कुणीतरी उघडलाय. एखादा गॅरेजवाला, नाहीतर तो स्वतःच. सुटलो बाबा आपण."

"सर, मधे आपण लॉक काढलं होतं. ही गाडी तेव्हाची असली तर..."

"तेव्हाची आहे का?"

"बघावं लागेल."

"पण रेघ आहे ना तिच्यावर? मग झालं तर."

बघायची काही गरज नव्हती. चॅसिसचा नंबर त्यानं ठाण्यातच वाचला होता. ती गाडी तेव्हाचीच होती.

श्रावणात महाकालाच्या सवाऱ्या, म्हणजे पालख्या, निघतात, त्यांच्या आधी गावात रिक्षांना अशी काही मागणी आली होती की लाइनला श्वास घ्यायला उसंत नव्हती. क्लॅम्पचे बोल्ट आवळण्यासाठी एक गन होती. बोल्ट पुरेसा आवळला की तिच्यावर हिरवा दिवा लागे. दोन्ही बोल्टांना हिरवा दिवा लागल्याशिवाय गाडीची ट्रॉली पुढे सरकत नसे, तिला लॉक होतं. नेमक्या त्याच दिवसांत गनची वायर बिघडली. बोल्ट आवळलेला असला तरी दिवा लालच राही आणि लाइन अडून बसे. नवी वायर पुण्याहून यायची होती. तेव्हा आल्हादनं लॉक काढून टाकायला लावलं आणि गोपाळला, म्हणजे त्या जागी काम करणाऱ्या माणसाला, साधा टॉर्कचा पाना दिला. पुरेसं आवळलं की तो पाना 'कट्' असा आवाज करतो.

पण पान्यानं वेळ लागे. मागे गाड्या साचू लागल्या. तेव्हा आल्हाद त्याला म्हणाला होता, "असं कर, बोल्ट हातानं बसवतानाच रेघ पण ओढून टाक. आवळायचं काम मग सगळ्या गाड्यांचं एकदम करून घे."

गोपाळ घुटमळला होता. "सर, मग कोणता आवळला आणि कोणता राहिला, कळणार कसं?"

"अरे, मी आहे ना. मी एक चक्कर मारत जाईन पाना घेऊन."

पहिल्या दिवशी त्यानं चक्कर मारलीही. मग डिस्पॅच, मग बॅटऱ्यांचा गोंधळ, मग कुणाची रजा. वायर आली, लॉक पुन्हा बसलं, सगळं सुरळीत झालं आणि ते दिवस तो विसरून गेला. विसरता आलं कारण काही घडलं नव्हतं.

कारखान्यातून पोलिसांना जबाब गेला, की बोल्ट कारखान्यातून आवळूनच गेला होता आणि नंतर बाहेर उघडल्याचं दिसतं. खाली सही आल्हादनं केली. रिक्षा ठाण्यातच राहिली आणि रिक्षावाल्यावर केस झाली.

त्यानंतर आल्हादला रस्त्यानं जाणं नकोसं झालं. सगळीकडे त्याच रिक्षा. चामुंडा माता चौकात सिग्नलला थांबला की शेजारी एक निळी रिक्षा येऊन उभी राही, मागे एखादी बाई मुलाला मांडीवर घेऊन, पायाशी घाटावरून भरून आणलेली पाण्याची बाटली. त्याची नजर माणसांवर ठरत नसे. हँडलखाली जाई. कुठे रेघ दिसे, कुठे चिखलानं झाकलेली असे. रेघ दिसली तरी आता तिचा काय उपयोग, हे उज्जैनमध्ये त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी त्यानं स्टोअरमधून टॉर्कचा पाना उचलून बॅगेत घातला आणि टावर चौकातल्या रिक्षा स्टँडवर गेला. "कंपनी की तरफ से फ्री चेकिंग है," असं सांगितल्यावर रिक्षावाले आनंदानं गाड्या पुढे आणू लागले. तो रस्त्यावरच उकिडवा बसे, पाना लावे, कट् असा आवाज आला की उठे. कचोरीच्या दुकानासमोरची गर्दी त्याच्या अंगावरून जाई. पुढच्या संध्याकाळी तो पुन्हा गेला. मग रोजच जाऊ लागला. कधी टावर चौक, कधी स्टेशन, कधी राम घाटाच्या अलीकडचा स्टँड. बहुतेक बोल्ट चांगले निघत. प्रत्येक 'कट्' बरोबर त्याला वाटे, चला, ती एकच गाडी राहिली असेल.

मग स्टेशनजवळच्या एका गाडीत पाना लावला तो अर्धा वेढा फिरला, आणखी फिरला, फिरतच राहिला. रेघ त्याच्या डोळ्यांसमोर तुटली. त्यानं दोन्ही बोल्ट आवळले.

"क्या हुआ साब, ढीला था क्या?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"थोड़ा सा. अब ठीक है."

"भगवान भला करे आपका," तो म्हणाला, आणि आल्हाद नको नको म्हणत असताना त्याच्यासाठी चहा घेऊन आला. तो चहा आल्हादच्या हातातच निवत गेला. या गावात असे किती बोल्ट असतील आणि आपण संध्याकाळी दोन तास बसून त्यातले किती गाठणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण एक सांगितलं की सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून तो पाना घेऊन फिरत होता.

टावर चौकातच एके दिवशी एक माणूस रिक्षा न घेता, पायी त्याच्याकडे आला. तिशीचा असेल. कोपराला अजून पट्टी होती.

"साब, आप ही कंपनी वाले हो ना? सब बोलते हैं आप बोल्ट देखते हो," तो म्हणाला. "मैं भेरूलाल. मेरी गाड़ी थाने में पड़ी है."

आल्हाद उभा राहिला.

"एक बात पूछनी थी. पुलिस वाले बोलते हैं बोल्ट मैंने खुलवाया. कसम से साब, मैंने नी खुलवाया. पर राखी के पहले आगे का पंक्चर बनवाया था. पंक्चर वाला पहिया उतारता है, तो वो वाला बोल्ट भी खोलता है क्या?"

पंक्चरसाठी चाक काढताना क्लॅम्पला हात लावावा लागत नाही. चाकाचा नट वेगळा, खाली असतो. 'नहीं,' या एका शब्दात उत्तर संपलं असतं. भेरूलाल त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"कभी-कभी खोल देते हैं," आल्हाद म्हणाला.

भेरूलालनं मान हलवली. बराच काळ शोधत असलेली वस्तू सापडावी, पण ती नको तशी निघावी, तसा त्याचा चेहरा झाला.

"तो फिर गलती मेरी ही है," तो हळूच म्हणाला. "मैं चाय पीने चला गया था साब. खड़ा रहता तो दिख जाता. मेरी घरवाली भी यही बोलती है, कि तुमने ही कुछ किया होगा. मैं ही नी मान रिया था." तो जायला वळला, पुन्हा थांबला. "माताजी घर आ गई हैं. जाके पाँव पकड़ लूँगा उनके. और क्या कर सकता हूँ."

त्या संध्याकाळी आल्हादनं पुढची एकही गाडी तपासली नाही.

घरी निहारिका, त्याची बायको, धुतलेले कपडे घड्या घालत होती. त्याची बॅग उचलायला गेली तर ती जड लागली.

"हा पाना घेऊन तू रोज कुठे जातोस, आल्हाद? अक्कांना सांगतोस ओव्हरटाइम आहे म्हणून. कारखान्यात फोन लावला तर म्हणतात, साहेब केव्हाचेच गेले."

त्यानं तिला सगळं सांगितलं. लॉक, रेघ, ठाण्यात फिरलेला बोल्ट, फोटो, सही. शेवटी भेरूलालला दिलेलं उत्तरही सांगितलं. ते सांगताना त्याला तिच्याकडे बघता आलं नाही. निहारिकाच्या हातातली चादर तशीच राहिली.

"बोल्ट फिरला तो चुकून फिरला," तो म्हणाला. "मी मुद्दाम नाही केलं."

"ते मला कळलं रे," ती म्हणाली. "पण आज तू त्याला जे सांगितलंस ते चुकून नाही सांगितलंस." थोड्या वेळानं तिनं चादरीची घडी पुरी केली. "आणि हे सगळं मला सांगून काय होणार? माझ्यावर थोडीच केस आहे?"

सकाळी तो आधी शोभामावशींच्या घरीच गेला. भेरूलाल जाणार म्हणाला होता, त्याच्या आधी पोचावं असा त्याचा विचार होता. पण दारात अनोळखी पुरुषी चपला दिसल्या, आणि शेजारी अक्काच्याही.

शोभामावशी खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या, पाय उशीवर. भेरूलाल खाली फरशीवर, हात जोडून. अक्का खुर्चीत, आणि तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"अब माफी माँगने से क्या होगा? हड्डी जुड़ जाएगी क्या इनकी? गाड़ी चलाते हो तो पेंच-वेंच देखना नहीं चाहिए?"

"अक्का, राहू दे ग," शोभामावशी म्हणत होत्या.

"नहीं माताजी, बोलने दो," भेरूलाल म्हणाला. "गलती मेरी ही थी. मुझे कंपनी के साब ने समझाया."

मग त्याला दारात उभा असलेला आल्हाद दिसला. "ये ही साब," तो म्हणाला.

अक्कानं वळून पाहिलं. "तू? तू कसा काय इथे?"

आल्हाद ठरवून आलेलं सगळं वाक्य विसरला. तो आत आला आणि बसायला जागा असून बसला नाही.

"त्याची चूक नाही," तो मराठीत म्हणाला, मग भेरूलालकडे वळून हिंदीत, "आपकी गलती नहीं है. पंक्चर वाला वो बोल्ट नहीं खोलता. मैंने झूठ बोला."

त्यानं पुढचं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. बोल्ट कारखान्यातच आवळायचा राहिला होता. आवळण्याआधी रेघ ओढायला त्यानंच सांगितलं होतं. ठाण्यात तो त्याच्या हातानं फिरला आणि रेघ तुटली, आणि तुटलेल्या रेघेचा फोटो त्यानं दिला. आपला आवाज त्याला फार सपाट, ऑफिसातल्यासारखा वाटत होता, पण दुसरा आवाज निघेना.

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. आत्ताच ज्याला बोलत होती त्या माणसाकडे बघायचं तिनं टाळलं. मग तिनं पदर सावरला, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून नळ सुरू केल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ चालू राहिला.

"म्हणजे तू हॉस्पिटलात माझ्याजवळ आलास तेव्हा तुला माहीत होतं," शोभामावशी म्हणाल्या.

"हो, मावशी."

"मी तुला म्हटलं होतं, बघ म्हणून."

"हो."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला आता बोलवत नाही रे. तू जा. याला घेऊन जा आणि हे सगळं ठाण्यात सांग."

भेरूलाल उठला. त्यानं जोडलेले हात सोडले होते, पण त्यांचं काय करावं हे त्याला कळत नसावं. दोघं जिना उतरले. खाली स्कूटरपाशी आल्यावर भेरूलाल म्हणाला, "साब, मैं घर में खाना नी खा पाता था. मेरे को लगता था, मैंने एक बूढ़ी माँ की टाँग तोड़ दी." आल्हादनं स्कूटरची किल्ली काढली. "थाने चलो," भेरूलाल म्हणाला. "मैं पीछे नी बैठूँगा, पैदल आता हूँ."

ठाण्यात जबाब द्यायला अख्खी दुपार गेली. तोच हेड कॉन्स्टेबल होता. "तब क्यों नी बोले इंजीनियर साब?" त्यानं एवढंच विचारलं आणि लिहायला घेतलं.

दत्तात्रय सर मात्र आधी चिडले, मग घाबरले. "तू आधी माझ्याकडे यायचंस! ठाण्यात कशाला गेलास परस्पर?"

"तुमच्याकडेच आधी आलो होतो सर, त्या दिवशी. लॉकचं म्हणालो आणि मग गप्प बसलो. तुम्ही विचारलंत, तेव्हाची आहे का. मला माहीत होतं."

सर उठून खिडकीपाशी गेले. "अशा किती गाड्या असतील?"

"त्या दिवसांतल्या सगळ्याच बोलवाव्या लागतील. एक स्टेशनजवळ मला स्वतःला सापडली. मी आवळली आणि गप्प राहिलो."

सर खिडकीपासून परत टेबलापाशी आले. मग त्यांनी फोन उचलला आणि मालकांना लावला. त्याचं श्रेय आल्हादनं त्यांना नंतर नेहमी दिलं. ते बोलणं सोपं नसणार.

कंपनीनं चूक अशी कुठे कबूल केली नाही. 'सुरक्षा तपासणी' असं नाव देऊन त्या काळातल्या सगळ्या रिक्षा कारखान्याच्या मैदानात बोलावल्या. रिक्षावाल्यांची दिवसाची कमाई बुडते म्हणून कुरकुर झाली, मग नाश्ता आणि चार्जिंग फुकट ठेवलं तेव्हा रांग लागली. आल्हादला इनचार्जपदावरून काढून सर्व्हिस विभागात घातलं होतं, त्यामुळे तपासणीचं काम त्याच्याकडेच आलं. जोडीला गोपाळ. दोघं एकाच रांगेच्या दोन टोकांना बसत. आणखी सैल बोल्ट सापडले. फार नाही, पण सापडले. प्रत्येक वेळी दोघं एकमेकांकडे बघत आणि पुन्हा मान खाली घालत.

"सर, तुम्ही ठाण्यात माझं नाव का नाही घेतलंत?" गोपाळनं दुपारी डबा खाताना विचारलं.

"तू मला विचारलं होतंस, कळणार कसं म्हणून. मी म्हटलं होतं, मी आहे ना."

"पण आवळायचे तर माझ्याच हातून राहिले ना." गोपाळनं पोळीचा तुकडा तसाच हातात धरला होता. "मला त्या दिवसांतली एकही गाडी आठवत नाही. कोणती आवळली, कोणती राहिली. रात्री झोपलो की एकेक गाडी डोळ्यांपुढे येते."

आल्हादला त्याला धीर द्यायचा होता. पण धीर देणारा आपण कोण, असं त्याला वाटलं. दोघांनी डबे संपवले आणि पुन्हा कामाला लागले.

लाइनवर मात्र काही गोष्टी बदलल्या, आणि त्या आल्हादनंच सुचवलेल्या होत्या. रेघेचं पेन बोल्ट आवळणाऱ्याच्या हातून काढून पुढच्या जागेवरच्या माणसाकडे दिलं. आता तो आधी आपल्या पान्यानं तपासतो आणि मगच रेघ ओढतो. गनची एक जादा वायर स्टोअरमध्ये ठेवली. आणि लॉक काढायची वेळ आलीच तर ते एकट्या इनचार्जला काढता येणार नाही, मॅनेजर समोर असले पाहिजेत, असं ठरलं. "माझ्यासारख्याच्या हातात ते एकट्याच्या नको," असं तो मीटिंगमध्ये म्हणाला, तेव्हा कुणीतरी हसलं. त्याला विनोद करायचा नव्हता.

अक्का काही दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. जेवायला वाढी, पण आणखी हवं का असं विचारत नसे. एकदा भांडी आवरताना तिनं पाठमोरीच म्हटलं, "मी त्या माणसाला इतकं बोलले रे. त्याच्या तोंडावर बोलले." आल्हाद काही म्हणायच्या आत ती पुढे म्हणाली, "तू बोलू नकोस. मी माझं सांगून राहिले आहे." ती स्वतः एकटी भेरूलालच्या घरी जाऊन आली, हे त्याला पुढे निहारिकाकडून कळलं. तिथे काय बोलणं झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

शोभामावशी वॉकर धरून घरातल्या घरात चालू लागल्या. आल्हाद त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात नेई. त्या नको म्हणत नसत. येता-जाता भजनी मंडळाबद्दल, बँकेतल्या जुन्या गमतींबद्दल बोलत. पण हॉस्पिटलातल्या त्या पहिल्या दिवसासारखं त्याच्याकडे बघून हसत नसत. जिन्यावर त्यानं हात पुढे केला की त्या कठड्याला धरत.

भेरूलालवरची केस मागे घ्यायला वेळ लागला, पण ती गेली. त्याची रिक्षा ठाण्यातून कारखान्यात आणून, वाकलेला फोर्क बदलून, पुरती दुरुस्त करून दिली. ज्या दिवशी ती न्यायला तो आला, त्या दिवशी सर्व्हिसमध्ये आल्हादच होता. त्यानं गाडी गेटपाशी आणून उभी केली.

भेरूलालनं खाली वाकून क्लॅम्प पाहिला. मग आपल्या खिशातून एक पाना काढला, बहुधा नवाच घेतलेला, आणि दोन्ही बोल्टांना लावून स्वतः जोर देऊन पाहिला. आल्हाद बाजूला उभा राहिला. बोल्ट हलले नाहीत.

"माताजी ने माफ कर दिया आपको?" भेरूलालनं पाना खिशात ठेवत विचारलं.

"पता नहीं. उन्होंने कुछ कहा नहीं."

"मैंने नी किया अभी," भेरूलाल म्हणाला. रागावून नाही, हवापाण्याबद्दल सांगावं तसं म्हणाला.

"ठीक है," आल्हाद म्हणाला.

भेरूलाल सीटवर बसला. गेटवरच्या चौकीदारानं आडवा दांडा वर केला. रिक्षा मक्सी रोडला लागून शहराकडे वळली. मागे आणखी दोन गाड्या तपासायला येऊन उभ्या होत्या. एकीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, म्हणून आल्हाद तिकडे गेला.